तपासायला घेतलेला ग्रह

सर्व संबंधितांस, म्हणजे समस्त मानवजातीस, अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की, पृथ्वीखेरीज या विश्वात आणखी कुठं जीवसृष्टी असू शकते का, हा प्रश्न मध्यंतरी काही महिने कुपवाडमधल्या एका निवृत्त माणसाच्या ताब्यात होता. त्या काळात तो प्रश्न सुरक्षित होता. त्याच्यावर धूळ बसली नाही, त्याला कुणाचा तेलकट हात लागला नाही. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच, मधली अर्ध्या तासाची जेवणाची सुट्टी सोडली तर, त्याच्याकडं कुणीतरी सतत डोळे लावून बसलेलं होतं. मानवजातीला याची कल्पना नव्हती. मला होती, कारण कॉम्प्युटर माझा होता.

त्या माणसाचं नाव मी सांगणार नाही. नाव छापलं तर ते छापील कागद आणून त्यावर फुटपट्टी ठेवतील आणि शेवटचं अक्षर पहिल्यापेक्षा अर्धा मिलिमीटर खाली उतरलंय म्हणून मला परत पाठवतील. समोर सगळे त्यांना साहेब म्हणत. पाठीमागं, मायक्रॉन.

मी विशीत असताना ज्या कारखान्यात लागलो तिथं ते इन्स्पेक्टर होते. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, चार लेथ आणि एका कोपऱ्यात काचेची केबिन. आम्ही पंपाचे शाफ्ट बनवायचे आणि साहेबांनी ते मोजायचे. मापात असेल तो पास. नसेल त्याच्यावर ते एका छोट्या डबीतून ब्रशनं लाल ठिपका लावत आणि तो लाल पेटीत जाई. ती डबी आणि तो ब्रश कायम त्यांच्या खिशात असे. इतर लोक पेन ठेवतात त्या खिशात.

मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. म्हणजे नेमकं केवढं, असं मी पहिल्या आठवड्यात विचारलं. त्यांनी माझ्या डोक्यावरचा एक केस उपटला, मायक्रोमीटरमध्ये धरला आणि म्हणाले, ''बासष्ट. बरा आहे.'' आज तो केस नाही आणि त्याचे भाऊबंदही राहिलेले नाहीत. पण डोक्यावर कधीकाळी मापात असलेली एक तरी गोष्ट होती याचा दाखला माझ्याकडं आहे.

त्यांचं एक वाक्य होतं: ''गरम जॉब खोटं बोलतो.'' लेथवरून उतरलेला लोखंडाचा तुकडा गरम असतो, फुगलेला असतो. तेव्हा मोजला तर माप चुकतं. म्हणून गार होईपर्यंत थांबायचं. हे लोखंडापुरतं ठीक होतं, पण साहेबांनी तो नियम सगळीकडं लावला होता. कुणी धावत येऊन सांगावं, ''साहेब, अमक्यानं तमक्याच्या कानाखाली काढली,'' तर ते म्हणणार, ''गार होऊ दे.'' निवडणुकीचा निकाल ते दुसऱ्या दिवशी वाचत. चहाही ते गार करून पीत, आणि तो गार झालाय की नाही हे बशीला बोट लावून दोनदा बघत.

दुसरा नियम तीनचा. एका मोजणीवर विश्वास ठेवायचा नाही. तीनदा मोजायचं आणि तिन्ही आकडे जुळले तरच बोलायचं. माझे वडील लवकर गेले, त्यामुळं मुलगी बघायला मी साहेबांना घेऊन गेलो, आष्ट्याला. पोहे झाले, प्रश्न झाले, मला मुलगी पसंत पडली. रस्त्यात ते म्हणाले, ''पुन्हा जाऊ.'' पुन्हा गेलो. त्या खेपेला साहेबांनी मुलीला आपलं काम पाऊण तास समजावून सांगितलं, लाल डबी काढून दाखवली. नंतर म्हणाले, ''अजून एकदा.'' तिसऱ्या वेळी मुलीनं चहाचा ट्रे स्टुलावर ठेवला, पदर खोचला आणि साहेबांना म्हणाली, ''काका, आता पास करा, न्हायतर लाल रंग तरी लावा. माझा बा रानातनं तिसऱ्यांदा उठून आलाय.''

परतीच्या वाटेवर साहेबांनी एसटीचं तिकीट तीनदा उलटसुलट करून बघितलं. मग म्हणाले, ''मुलगी सरळ आहे. शंका घ्यायचीच तर तुझी घ्यावी लागेल.''

या लग्नाला आता पंचवीस वर्षं झाली. शंका अजून फिटलेली नाही.

ते घरी कसे असतील, असं कुणालाही वाटेल. वहिनी, म्हणजे त्यांच्या मिसेस, शांत बाई. एकदा जेवताना साहेबांनी भाकरीला जाडी मोजायचा व्हर्नियर लावला आणि सांगितलं की कड मधल्यापेक्षा जाड आहे. वहिनींनी परातीत हात तसेच ठेवून विचारलं, ''ठिपका लावताय का खाताय?'' त्यांनी खाल्ली. माझ्या माहितीत मापात नसलेला हा एकमेव जॉब त्यांनी सोडला.

एकमेव म्हणालो, पण ते खरं नाही. दुसराही एक होता आणि तो सांगितल्याशिवाय हा माणूस कळणार नाही. एकदा मे महिन्यात, भर दुपारी, घाईत त्यांनी आठ शाफ्ट पास केले. माल साताऱ्याला गेला. घरी गेल्यावर त्यांना आठवलं की ते आठही हाताला कोमट लागले होते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ते साताऱ्याला गेले, गिऱ्हाइकाच्या गोडाउनमध्ये उभे राहून आठही शाफ्ट परत मोजले आणि सातांवर स्वतःच्या हातानं लाल ठिपका लावला. तिथला माणूस म्हणाला, ''साहेब, हे चाललं असतं की.'' साहेब म्हणाले, ''चाललं असतं. बरोबर नव्हतं.'' आमच्या मालकांनी नंतर त्यांना जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. साहेब खाली मान घालून ऐकत होते आणि ऐकता ऐकता मालकांच्या टेबलाची कड बोटानं चाचपून बघत होते.

त्यांचं गाव माण तालुक्यात, दहिवडीच्या पुढं. पाऊस पडला तर पडला अशा मुलखात. त्यांचे थोरले भाऊ, आबा, तिथं मेंढरं राखायचे. आबा शाळेत हुशार होते म्हणे, पण घरात एकालाच पुढं शिकवता येण्यासारखं होतं, तेव्हा आबांनी काठी घेतली आणि धाकट्याला आयटीआयला पाठवलं. दर वर्षी गावच्या जत्रेला साहेब जायचे, पुष्कळदा मीही बरोबर असे. दर वर्षी आबा एकच प्रश्न विचारत.

''बारक्या, यंदा काय बनीवलंस?''

अख्ख्या कुपवाडला चळाचळा कापायला लावणाऱ्या माणसाला कुणी बारक्या म्हणतंय, हे ऐकायलाच मी जात असे.

''आबा, मी बनवत न्हाई. मी तपासतो.''

''म्हंजी बनीवणार दुसरा, आन नावं ठेवणार तू?''

''तसं न्हाई आबा.''

''मग काय तर. एक तरी वस्तू दाव की, ही माझी म्हणून.''

हे थट्टेतच चालायचं. पण परत येताना साहेब खिडकीबाहेर बघत बसायचे, आणि एकदा विट्याच्या स्टँडवर मला म्हणाले होते, ''मी पस्तीस वर्षं फक्त दुसऱ्यांचं नाकारत आलो. आबांनी शाळा सोडली ती यासाठी?'' मी म्हणालो, ''साहेब, पासपण केलंय की.'' ते म्हणाले, ''ते तर तुम्ही बनवलेलं.''

निवृत्त झाल्यावर साहेब माझ्याकडं येऊ लागले. तोवर मी माझी स्वतःची छोटी शेड टाकली होती, त्यांच्या घरापासून दोन गल्ल्यांवर. मी त्यांना नोकरी दिली नाही. त्यांनी खुर्ची घेतली. माझ्या शेडमधल्या पोरांनी बनवलेले जॉब ते उगाच मोजत, आणि पोरं माझ्याकडं येऊन रडत. म्हणून मी त्यांना रोजचं वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवायला सुरुवात केली, निदान तेवढा वेळ तरी हात मोकळे राहू नयेत. हातात चहा द्यायचा आणि वाचायचं.

असं वाचताना एक बातमी आली. दूरच्या ताऱ्यांभोवती आपल्यासारखे ग्रह असतात. ते शोधण्यासाठी लाखो ताऱ्यांच्या उजेडाच्या नोंदी दुर्बिणी करतात. त्या नोंदी आता इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुल्या आहेत. त्या एवढ्या आहेत की तपासायला माणसं पुरत नाहीत, तेव्हा कुणीही घरबसल्या मदत करू शकतं.

''शेवटचं परत वाच.''

''तपासायला माणसं पुरत नाहीत.''

साहेबांनी कप खाली ठेवला. ''म्हणजे जॉब तयार आहेत,'' ते म्हणाले, ''आणि इन्स्पेक्शन पडून आहे.'' गॅसवर दूध तसंच राहिलंय हे आठवल्यावर माणूस बोलतो तसं.

दुसऱ्या दिवसापासून माझा कॉम्प्युटर गेला. ड्रॉइंग बघायला मला शेडमधल्या एका पोराचा मोबाइल मागायची वेळ आली. साहेब इंग्रजी डिक्शनरी घेऊन बसले, महिनाभर नुसतं वाचलं, आणि मग ताऱ्यांना हात घातला. दुर्बिणीला त्यांनी आयुष्यात कधी डोळा लावला नाही. रात्री ते साडेनऊला झोपत. त्यांचं खगोलशास्त्र पूर्णपणे दिवसाढवळ्याचं आणि ऑफिसच्या वेळेतलं होतं.

माझा लेथवाला एकदा चहाच्या वेळी डोकावला.

''साहेब, ह्यात ग्रह दिसतो काय?''

''नाही.''

''मग तारा?''

''नाही.''

''मग काय दिसतंय?''

''रेघ.''

लेथवाला माझ्याकडं बघून निघून गेला. पण खरोखर रेघच होती. साहेबांनी नंतर आम्हाला समजावलं ते असं: लांबच्या रस्त्यावरच्या दिव्यासमोरून पाखरू गेलं तर पाखरू आपल्याला दिसत नाही, पण दिवा किंचित मंदावतो. ताऱ्यासमोरून ग्रह गेला की तसंच. उजेडाची रेघ सरळ चाललेली असते, तिच्यात एक बारीक खळगा पडतो. ग्रह फिरून परत समोर आला की परत खळगा, तितक्याच दिवसांनी आणि तेवढाच खोल. ''तेवढाच'' म्हणताना त्यांनी खिशावर, डबी असते तिथं, हात ठेवला.

ते दिवसाला शे-दीडशे रेघा बघत आणि शे-दीडशे नाकारत. असं वर्षभर चाललं. मग एका मंगळवारी दुपारी ते माझ्या केबिनमधून बाहेर आले आणि मला म्हणाले, ''ये.''

रेघेवर दोन खळगे होते. बावीस दिवसांचं अंतर. तारा लहान, लालसर, मिणमिणता.

''बावीस दिवसांचं वर्ष?'' मी म्हणालो. ''म्हणजे ताऱ्याच्या फार जवळ. भाजून निघत असेल.''

''शेकोटी लहान असली की जवळ बसावं लागतं,'' साहेब म्हणाले. ''आबा थंडीत बसतात तसं. फार जवळ नाही, फार लांब नाही.'' मग रेघेकडं बोट करून, ''तिथं पाणी पाण्यासारखं राहील. वाफ नाही, बर्फ नाही.''

माणसानं आयुष्यात पहिल्यांदा दागिना हातात घ्यावा तसा त्यांचा आवाज झाला होता.

मी घरी जाऊन हिशेब केला. तिथल्या मापानं माझं वय सव्वाआठशेच्या वर भरलं. बायकोला म्हणालो, ''तिथं असतो तर आपल्या लग्नाला चारशे वर्षं झाली असती.'' ती म्हणाली, ''हितंबी तेवढीच झाल्यागत वाटत्यात.''

पण साहेबांचा नियम तीनचा. आणि खळगे दोन. शिवाय एक बारीक गोष्ट होती, जी कुणालाच दिसली नसती: दुसरा खळगा पहिल्यापेक्षा किंचित खोल होता.

''किती?'' मी विचारलं.

''किंचित.''

''साहेब, एवढं चालायचं.''

त्यांनी माझ्याकडं साताऱ्याच्या गोडाउनवाल्याकडं बघावं तसं बघितलं. मग सांगितलं: कधी कधी ग्रह नसतोच. दोन तारे एकमेकांभोवती फिरत असतात, आणि एकदा हा त्याला झाकतो, एकदा तो ह्याला. त्यातला एक जरा कमी तेजाचा असला की खळगे एकाआड एक उथळ आणि खोल पडतात. नव्या नोंदी दोन-अडीच महिन्यांनी येणार होत्या. त्यात पुढचे खळगे सारखे निघाले तर ग्रह. उथळ-खोल, उथळ-खोल निघाले, तर लाल ठिपका. ''तोवर कुणाला बोलायचं नाही,'' ते म्हणाले. ''जॉब गरम आहे.''

ते अडीच महिने मी साहेबांना जसं बघितलं तसं आधी कधी बघितलं नव्हतं. ते शिट्टी वाजवत. सूर बरोबर नसे. माझ्या पोरांचे दोन जॉब त्यांनी न मोजता हातात घेऊन नुसते छान म्हणून परत ठेवले, तेव्हा पोरं घाबरली. एकदा जेवणाचा डबा बंद करता करता त्यांनी विचारलं, ''तिथं कुणी असलं, तर तेही आपल्या सूर्याची रेघ बघत असतील?''

''असतील की.''

''मग आपण त्यांच्या रेघेवर एक खळगा. हे कुपवाड, ही शेड, आबांची मेंढरं, तू, तुझी बडबड, सगळं मिळून.''

''फार मोठा खळगा होईल साहेब.''

''फार बारीक,'' ते म्हणाले. ''इतका बारीक की हलगर्जी माणूस असला तर तो म्हणेल, चालायचं. आणि सोडून देईल.'' डब्याची कडी त्यांनी लावली, काढली, परत लावली. ''तिकडं कुणीतरी नीट मोजणारा पाहिजे रे. नाहीतर आपण आहोत हे कुणालाच कळायचं नाही.''

त्यावर मी उठलो आणि त्यांच्यासाठी चहा सांगितला. 

आता माझा गुन्हा. साहेबांचा पुतण्या, आबांचा मुलगा, मुंबईला असतो. त्याचा फोन आला, काकांचं कसं काय चाललंय म्हणून. मी सांगितलं, ''तुझ्या काकांनी ग्रह शोधलाय.'' मी 'बहुतेक' म्हणालो होतो. नक्की म्हणालो होतो. पण फोनमध्ये काही शब्द वजनानं हलके असतात, ते पलीकडं पोचत नाहीत. शिवाय 'तिथं पाणी असू शकतं' हे मी म्हणालो, आणि ते मात्र पोचलं.

आठ दिवसांत गावाच्या फाट्यावर फ्लेक्स लागला. सत्काराची तारीख ठरली. मुंबईची मंडळी रजा टाकून येणार होती. पुतण्यानं फ्लेक्सचा फोटो मला पाठवला आणि मी तो साहेबांना दाखवायला विसरलो. तीन आठवडे विसरलो. शेवटी आबांनीच फोन केला.

साहेबांनी फोन स्पीकरवर टाकला होता, कारण कानाला लावला की आवाज कमी येतो असं त्यांनी मोजून काढलं होतं.

''बारक्या, तिथं पाणी हाय म्हणत्यात.''

''असू शकतं, आबा.''

''असू शकतं म्हंजी? आपल्या टँकरगत?''

''तसंच म्हणा.''

आबा हसले. मग एकदम हळू आवाजात म्हणाले, ''म्हंजी ही तुझी वस्तू म्हणायची न्हवं?''

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी ड्रॉइंगकडं बघितलं.

''अजून तपासायचीय, आबा,'' ते म्हणाले.

''तपास की. पर तुझीच न्हवं?''

फोन ठेवून ते पुन्हा रेघेकडं वळले. मालकांनी त्यांना जे ऐकवलं होतं त्यातलं थोडं जरी त्यांनी मला ऐकवलं असतं तर मला बरं वाटलं असतं. सत्कार पुढं ढकला, असं त्यांनी पुतण्याला दोनदा सांगितलं. पण मांडव, आचारी, मुंबईच्या गाड्या, सगळं ठरलेलं. पुतण्या म्हणाला, ''काका, एवढं काय, शाल घ्यायची आन खाली बसायचं.''

नव्या नोंदी सत्काराच्या आदल्या दिवशी आल्या. साहेब दहाला बसले, पाचला उठले. मी तीनदा डोकावलो, तिन्ही वेळा त्यांनी हात वर करून मला थांबवलं. पाचला त्यांनी कॉम्प्युटर बंद केला, कपाटाजवळ गेले आणि मोठ्या डब्यातून आपल्या छोट्या डबीत लाल रंग भरून घेतला. ते नेहमीच भरून घेत. मी मनाला तसं समजावलं.

सकाळी लवकर माझ्या गाडीतून आम्ही निघालो. साहेब पुढं, वहिनी मागं. विटा गेलं, मायणी गेली, हिरवं मागं पडत गेलं आणि दोन्ही बाजूंना नुसती तांबडी-करडी जमीन उरली. आरशात मला वहिनी दिसत होत्या. त्या म्हणाल्या, ''काल जेवले नाहीत.'' कुणाला उद्देशून म्हणाल्या ते कळलं नाही. साहेब म्हणाले, ''ऊन फार आहे आज.'' नऊ वाजले होते आणि स्टिअरिंगला हात लाववत नव्हता.

फाट्यावरचा फ्लेक्स मी प्रत्यक्षात बघितला तेव्हा मला गाडी वळवावीशी वाटली. 'ग्रहसम्राट' असं लिहिलं होतं. साहेबांचा फोटो, शेजारी एक निळा-हिरवा गोळा, आणि गोळ्यावर एक नदी आणि नदीकाठी नारळाचं झाड. फ्लेक्सवाल्याच्या कॉम्प्युटरमध्ये पाण्याचं दुसरं चित्र नसावं. साहेबांनी गाडी थांबवायला लावली, काच खाली करून फ्लेक्सकडं बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, ''झाड वाकडं आहे.''

मांडव भरला होता. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला, पंखे गरम वारा ढकलत होते. पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर आबा बसले होते, कडेला, अर्धेच टेकून, कुणी उठवलं तर लगेच उठता यावं असे. नवा पटका, तो जरा मोठा बांधलेला. मेंढरं कुणाकडं तरी सोपवून आले होते. स्टेजवर मागं तोच फ्लेक्स, आणखी मोठा. पुतण्यानं माइकवरून सांगितलं की आजपासून आपल्या गावाचं नाव आकाशात गेलं आहे. टाळ्या झाल्या. आबांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. ते फक्त फ्लेक्सकडं आणि भावाकडं आळीपाळीनं बघत होते, दोन्ही खरं आहे ना, अशा नजरेनं.

शाल आणि नारळ घेण्याआधी साहेब माइकपाशी गेले.

''मला आधी बोलू द्या,'' ते म्हणाले. ''हा जॉब गरम असताना तुमच्यापर्यंत आला. चूक माझी आहे. मी तो उघड्यावर ठेवला.'' ती माझी होती. त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. ''काल नव्या नोंदी आल्या. आणखी तीन खळगे सापडले. पहिल्यापासून धरले तर पाच. उथळ, खोल, उथळ, खोल, उथळ.'' मांडवात कुणाला काही कळलं नाही. मला कळलं, आणि मागं उभ्या वहिनींना.

साहेबांनी खिशातून डबी काढली. झाकण उघडलं, ब्रश बुडवला, जादा रंग कडेला पुसून घेतला. स्टेजवर चालत मागं गेले आणि त्या निळ्या-हिरव्या गोळ्यावर, नदीच्या जरा वर, लाल ठिपका लावला. नेहमीएवढाच. एवढ्या मोठ्या फ्लेक्सवर तो जेमतेम दिसत होता, पण तो कशाचा आहे हे न सांगता सगळ्यांना कळलं.  पुतण्याच्या हातातला नारळ हळूहळू खाली आला.

साहेब परत माइकवर आले. माइक त्यांच्यासाठी उंच होता आणि तो त्यांनी नीट करून घेतला नाही, हे मी त्यांच्या बाबतीत पहिल्यांदाच बघत होतो.

''तो ग्रह नाही,'' ते म्हणाले. ''पाणी नाही. कुणी नाही. तिथं दोन सूर्य आहेत, एकमेकांभोवती फिरणारे. बस, एवढंच.'' मग त्यांनी पहिल्या रांगेकडं बघितलं, आणि माण तालुक्यातल्या आपल्या बोलीत, माइकपासून जरा बाजूला होऊन म्हणाले, ''आबा, यंदाबी माझी म्हणावी अशी वस्तू न्हाई.''

आबांनी वर बघितलं. मांडवाच्या कापडाला एक चीर होती, तिच्यातून उन्हाचा पट्टा नेमका त्यांच्या मांडीवर पडला होता. त्यांनी पटक्याच्या टोकानं मान पुसली. ते कधी चारचौघांत बोलणारे नव्हते, आणि जे बोलले ते बोलायचं ठरवून बोलले नाहीत, हे त्यांच्या तोंडावरून दिसत होतं. वाक्य निसटलं.

त्या वाक्यानंतर काय झालं ते आधी सांगतो. आधी बायकांच्या बाजूनं हसू आलं, मग सगळा मांडव हसला. मुंबईची मंडळी हसली, पुतण्या नारळ काखेत धरून खाली बसला आणि हसला. साहेब माइक धरून हसत होते. मी त्यांना तीस वर्षं ओळखतो, त्यांचे दात मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितले. मग ते स्टेजवरून उतरून आबांच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसले आणि आबा त्यांना विचारत राहिले: त्यातला मोठा कोणचा, दोघं एकदम उगवतात काय, तिथं सावल्या दोन पडतात काय. थट्टा सोडली तर पस्तीस वर्षांत भावाच्या कामाबद्दल आबांनी विचारलेले हे पहिले प्रश्न होते, आणि साहेब एकेकाचं उत्तर तीनतीनदा देत होते. जेवणं झाली. शाल घडी न मोडता पुतण्याकडं परत गेली. सोमवारी दहा वाजता ते माझ्या केबिनमध्ये होते आणि माझा कॉम्प्युटर पुन्हा गेला. अजून गेलेलाच आहे.

आणि आबांच्या तोंडून निसटलेलं ते वाक्य असं होतं:

''दोन सूर्य? आरं बारक्या, हितं एकच झेपंना आमाला.''